पित्ताचा त्रास आणि कानातली शिट्टी: संबंध कितपत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६. दोन-तीन वर्षांपासून घशाशी आंबट येतं, सकाळी उठल्यावर बराच वेळ खाकरावं लागतं, पॅन्टोप्रॅझोलची गोळी कधी चालू, कधी बंद. गेल्या सहा महिन्यांपासून डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री जास्त. एका व्हिडिओत ऐकलं की पोटातलं आम्ल घशातून कानापर्यंत चढतं. मग गोळी दुप्पट केली तर कानातला आवाज जाईल का?

गोळी दुप्पट करू नका. आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या. पित्ताचा आणि कानाचा संबंध असू शकतो, तो अगदीच कपोलकल्पित नाही. पण व्हिडिओत दाखवतात तितका तो सरळही नाही, आणि तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तुमच्या शिट्टीचं कारण पित्त असेल असं मला वाटत नाही. नाक-कान-घशाचे रुग्ण इतकी वर्षं पाहतोय, त्यामुळे ही जोडगोळी ओळखीची आहे: एका हातात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं, आणि दुसरी तक्रार कानाची. बहुतेक वेळा दोन्ही खऱ्या असतात, फक्त एकीमुळे दुसरी झालेली नसते.

आधी तो कथित रस्ता बघू. नाकाच्या मागे, पडजिभेच्याही वर, घशाच्या दोन्ही बाजूंना युस्टेशियन नळीची तोंडं असतात. मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि तिचं दुसरं टोक कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत उघडतं. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा करते. घाट चढताना कानाला दडे बसतात आणि गिळल्यावर ‘टक्’ होऊन सुटतात, ते हिचंच काम.

जठरातला मजकूर अन्ननलिकेतून वर येऊन घशात पोचला, तर झोपलेल्या माणसात त्याचा अंश नाकाच्या मागच्या भागापर्यंत जाऊ शकतो. त्यात आम्लापेक्षा त्रासदायक असतं ते पेप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं जठरातलं विकर. आम्ल लाळेने लवकर पुसलं जातं. पेप्सिन मात्र आम्लता कमी झाली की नुसतं निष्क्रिय होतं, लगेच नष्ट होत नाही. घशाच्या अस्तरावर राहतं आणि पुन्हा आम्ल आलं की कामाला लागतं. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी, पडद्यामागे चिकट पाणी साठलेल्या मुलांच्या कानातून ते पाणी काढून तपासलं, तेव्हा बहुतांश नमुन्यांत पेप्सिन सापडलं. व्हिडिओवाल्यांचा सगळा डोलारा साधारण या निष्कर्षावर उभा असतो.

निष्कर्ष खरा आहे, पण तो मुलांचा आहे. मुलांमध्ये ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, मोठ्यांत ती लांब आणि चांगली तिरकी होते. शिवाय त्या मुलांची तक्रार शिट्टीची नव्हती, कमी ऐकू येण्याची होती. आणि कानात पेप्सिन सापडणं वेगळं, पित्ताचं औषध दिल्यावर कान सुधारणं वेगळं. कानात पाणी साठलेल्या मुलांना सरसकट पित्ताची औषधं द्यावीत, इतका पुरावा त्यातून आजपर्यंत उभा राहिलेला नाही. मग मोठ्या माणसाच्या शिट्टीसाठी तो कुठून येणार?

तरीही समजा, वर येणाऱ्या आम्लाने नळीच्या तोंडाशी सूज आली. तो कान कसा वागेल? दडे बसल्यासारखा वाटेल. भरल्यासारखा, पाणी गेल्यासारखा. गिळताना टकटक होईल, स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटेल. आवाज आलाच तर तो बहुधा खालच्या पट्टीतला, घूं घूं असा, आणि दिवसागणिक कमीजास्त होणारा. पुष्कळदा दोन्ही कानांना. आम्ल वर येतं तेव्हा डावा-उजवा बघून येत नाही. तुमचं मात्र एकाच कानात आहे, बारीक आहे, सहा महिने एकसारखं आहे, आणि दडे बसल्याचा तुम्ही उल्लेखही केलेला नाही. असा आवाज बहुतेकदा आतल्या कानाचा असतो, आणि पडद्यामागच्या पोकळीपासून आतला कान हाडाच्या भिंतीने वेगळा झालेला असतो.

आतल्या कानात, शंखासारख्या वळणाच्या कॉक्लियामध्ये, जन्माच्या वेळी जेमतेम पंधरा हजार केसपेशी असतात. गेलेल्या पेशी माणसात परत येत नाहीत. वय, गोंगाट, काही औषधं, विषाणूंचे आजार यांनी त्यातल्या काही मरतात, बहुधा उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या आधी. मेंदूकडे त्या पट्टीची बातमी यायची थांबते, आणि मेंदू तिथला आवाज वाढवून ऐकू पाहतो. स्टेशन नीट लागत नाही म्हणून ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवला की खरखरच मोठी होते, तसं. ती खरखर म्हणजे तुमची शिट्टी, कुणाचे रातकिडे, कुणाचा कुकर. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यातल्या ९४ टक्क्यांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला. म्हणजे हे यंत्र थोडंफार सगळ्यांच्याच डोक्यात चालू असतं. कुणाला ते कळतं, कुणाला त्याचा त्रास होतो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज असा, की साधारण १४ टक्के प्रौढांना कानात आवाज येतो आणि २ टक्क्यांच्या आसपास लोकांना तो गंभीर त्रास देतो. घशाशी येण्याचा त्रासही तितकाच सर्रास आढळतो. इतके सामान्य दोन आजार एकाच माणसात भेटले, तर त्यात नवल काही नाही.

म्हणून मी पहिल्यांदा विचारतो तो कामाचा प्रश्न: तुम्ही काय करता? इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागावर वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूस पित्ताची तक्रार घेऊन येतो, कारण पाळीच्या कामात जेवणाला वेळ नाही, चहा मात्र दर दोन तासांनी. त्याच्या कानाचं कारण चहात शोधत बसायचं का? तिथं आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा खडखडाट असतो. ८५ ही आठ तासांची मर्यादा धरली, तर प्रत्येक ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. ढोल-ताशा पथकात ऐन मिरवणुकीच्या दिवशी ही मर्यादा काही मिनिटांत ओलांडली जाते. अशा कानाच्या ऐकण्याच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या, आसपास एक खड्डा दिसतो, आणि तो दिसला की पित्ताची चर्चा तिथंच थांबते.

आता पित्त आणि कान यांचा खरा संबंध. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा दुवा आहे तो वेदनाशामक गोळ्यांचा, आणि त्याबद्दल कुणी व्हिडिओ काढत नाही. पाठ, गुडघा, मान यांसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनची गोळी जठराच्या अस्तराला त्रास देते, आणि याच गटातली औषधं कानात आवाजही आणतात. मोठ्या मात्रेत अ‍ॅस्पिरिनचा कानातला आवाज इतका ठरलेला आहे, की संधिवातावर पूर्वी ते भरपूर द्यायचे तेव्हा आवाज आला की मात्रा जास्त झाली असं समजायचे. गोळी थांबली की तो बहुधा जातो. (हृदयासाठी रोज घेतात ती ७५ मिलिग्रॅमची गोळी या हिशेबात येत नाही, ती मनाने बंद करू नका.) तेव्हा कंबरदुखीची गोळी, त्याने पित्त, पित्तासाठी दुसरी गोळी, आणि मधल्यामध्ये शिट्टी: ही साखळी आहे का, हे आधी तपासा. मलेरियासाठी क्विनाइन, चिकुनगुनियानंतरच्या सांधेदुखीसाठी किंवा संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं, असं काही झालं असेल तर तेही सांगा. शेवटच्या दोघांनी झालेलं कानाचं नुकसान सहसा भरून येत नाही.

दुसरा दुवा झोपेचा. रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवं झालं की दीड-दोनला घशाशी येऊन जाग येते. घर शांत, रस्ता शांत, आणि शिट्टीशी स्पर्धा करायला दुसरा आवाज नाही. ती तेव्हाच सगळ्यात मोठी वाटते, आणि माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी कायमच्या जोडल्या जातात. मग झोप नाही, झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी चिडचिड, काळजी. काळजीने जठरही बिघडतं आणि आवाजाकडे लक्षही वाढतं. अशा माणसाचं रात्रीचं पित्त आटोक्यात आलं की ‘कान बराच बरा आहे’ असं तो खरंच सांगतो. आलेख तोच असतो, शिट्टीही तीच. फक्त दोन वाजता तिला ऐकायला कुणी जागं नसतं. हा फायदा खोटा नाही, म्हणून मी पित्ताच्या उपचाराला नाही म्हणत नाही.

तिसरा दुवा खुद्द पित्ताच्या औषधाचा. तुमच्या पॅन्टोप्रॅझोलच्याच गटातल्या ओमेप्रॅझोलच्या माहितीपत्रकात दुष्परिणामांच्या यादीत कानात आवाज येण्याची नोंद आहे. असं क्वचित होतं, पण गोळी सुरू केल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर तारखा जुळवून बघायला हव्यात. वर्षानुवर्षं घेतल्यास मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये तशी सूचना काढली होती. बी-१२ ही कमी होतं, आणि शाकाहारी माणूस सोबत मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असेल तर जास्तच. बी-१२ च्या कमतरतेने कानात आवाज येतो याचा पुरावा कच्चा आहे, पण कमतरता असेल तर ती भरून काढायला कानाचं निमित्त कशाला हवं?

नसांचा एक दुवाही सांगतात. व्हेगस नावाची नस घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि कानाच्या भोकाचा थोडा भाग, सगळीकडे फांद्या देते. कानात काडी घातली की काहींना खोकला येतो तो तिच्यामुळेच. घशातल्या आजाराने कान दुखू शकतो. दुखतो, शिट्टी वाजवत नाही.

तुमच्या खाकरण्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. घसा साफ करत राहणं, घशात काही अडकल्यासारखं वाटणं, सकाळी आवाज बसलेला असणं, याला छातीत जळजळ नसतानाही ‘घशापर्यंतचं पित्त’ म्हणून गोळ्या देण्याचा परिपाठ गेल्या तीसेक वर्षांत पडला. ब्रिटनमध्ये घशाच्या अशा तक्रारी असलेल्या ३४६ जणांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना याच गटातलं लान्सोप्रॅझोल दिवसातून दोनदा सोळा आठवडे, अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी. दोन्ही गट सारखेच सुधारले. ज्या घशात आम्ल थेट पोचतं असं मानतात, तिथंच दुप्पट मात्रेने फरक पडला नाही, तर त्याच्यापुढच्या कानासाठी ती मात्रा घेण्यात काय अर्थ आहे? तुम्हाला आंबट ढेकर आणि जळजळ असेल तर त्यासाठी गोळी चांगली चालते, ते वेगळं. नुसतं खाकरणं असेल तर नाकातून मागे उतरणारा शेंबूड, धूळ, तंबाखू, मिश्री, आणि खाकरण्याची लागलेली सवय, हेही बघावं लागतं.

मग करायचं काय? नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जाऊन कान आतून बघून घ्या. कधीकधी पडद्याला टेकलेला मळच निघतो आणि गोष्ट संपते. त्यानंतर ऑडिओमेट्री, म्हणजे प्रत्येक कानाच्या ऐकण्याचा आलेख, आणि टिंपॅनोमेट्री, ज्यात पडद्यामागचा दाब कळतो. पित्ताचा नळीवाटे संबंध असेलच तर तो या दुसऱ्या तपासणीत दिसायला हवा. दाब व्यवस्थित असेल तर नळीला दोष देणं सोडून द्या. डाव्या कानाचं ऐकणं उजव्यापेक्षा स्पष्ट कमी निघालं, तर एमआरआय सांगतील. एका बाजूच्या आवाजामागे क्वचित श्रवणाच्या नसेवरची साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ असते. ती हळू वाढते, पण लवकर कळलेली बरी. सहा महिने पित्ताच्या गोळीची वाट बघण्यातला खरा धोका हा आहे. ऐकणं दोन्हीकडे सारखं आणि ठीक निघालं, तर रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं बघून थांबता येतं. दात घट्ट आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर शिट्टीची पट्टी बदलते का, हेही घरी करून बघा. बदलत असेल तर जबड्याचा सांधा आणि मानेचे स्नायू यांचा त्यात हात असू शकतो, आणि रात्री दात खाणाऱ्यांत हे पुष्कळदा सापडतं.

थांबू नये अशी काही लक्षणं आहेत. एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत दिल्यास उपयोग होण्याची शक्यता सर्वात जास्त, आणि ‘सर्दीने दडे बसलेत’ म्हणून हेच दिवस वाया जातात. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत गरगरतं किंवा चेहऱ्याची एक बाजू वाकडी वाटत असेल, तरीही वेळ घालवू नका. पोटाच्या बाजूने: घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी. आणि चालताना, जिना चढताना छातीत जळजळत असेल, तर ते पित्त आहे असं स्वतःच ठरवू नका. तुमच्या वयात आधी ईसीजी.

पित्तासाठी औषधाइतकंच वेळापत्रक महत्त्वाचं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ते टोक सहा-आठ इंच उचला. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. वजन जास्त असेल तर ते कमी करा. तांबडा रस्सा कायमचा सोडायची सक्ती मी करत नाही. ज्याला ज्याने त्रास होतो ते त्याने टाळावं. पण उपासाच्या दिवशी दिवसभर चहा आणि रात्री तुपातली साबुदाण्याची खिचडी, हा प्रकार कितीतरी जणांचं पित्त हमखास उसळवतो आणि दोष मात्र आदल्या दिवशीच्या भाजीला जातो. सोडा किंवा फसफसणाऱ्या पावडरी रोज घेऊ नका, त्यांत सोडियम भरपूर असतं. रक्तदाब असेल तर मुळीच नको. गोळी घ्यायचीच तर सकाळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, रोज, ठरलेल्या आठवड्यांपुरती. जळजळ झाली की एक, असं घेऊन ती तिचं काम नीट करत नाही. डॉम्पेरिडोन जोडलेली कॅप्सूल महिनोन्‌महिने घेणं तर टाळाच, कारण ते हृदयाच्या ठोक्यांत गडबड करू शकतं.

शिट्टीसाठी गोळी नाही. हे सांगताना रुग्णाचा चेहरा पडतो, पण बीटाहिस्टिन, जिंकगो (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक यांची पाकिटं लिहून दिल्याने शिट्टी जात नाही. बीटाहिस्टिन देतात ते चक्कर येणाऱ्या मेनिएरच्या आजारात. अमेरिकेतल्या नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जिंकगो आणि झिंक देऊ नये असंच म्हटलंय. ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्र. त्याने बाहेरचे आवाज आत आले की शिट्टी मागे पडते. ऐकणं ठीक असेल तर रात्री पंखा, पावसाचा किंवा हलक्या संगीताचा आवाज शिट्टीपेक्षा किंचित कमी पातळीवर ठेवा. त्रास खूप असेल, झोप उडाली असेल, तर वर्तन-विचार उपचारपद्धतीचा, म्हणजे सीबीटीचा फायदा चाचण्यांत सगळ्यात नीट दिसलेला आहे. तो आवाज घालवत नाही, त्याची दहशत घालवतो. चहा-कॉफी पित्तासाठी कमी करा. शिट्टीसाठी ती सोडून फायदा होतो असं दिसलेलं नाही. आणि कानात लसणीचं तेल कृपा करून घालू नका. पडदा धड असेल तर ते आतल्या कानापर्यंत पोचत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर कान वाहायला लागतो.

राहिली तुमची सध्याची चालू-बंद गोळी. ती एकदम थांबवली की काही दिवस जठर आधीपेक्षा जास्त आम्ल तयार करतं. पित्ताचा कधीच त्रास नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन बंद केली, तर त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना जळजळ सुरू झाली होती. म्हणजे बंद केल्यावर पेटलेली आग म्हणजे मूळ आजार परतला असं नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा निम्मी करून, मग एक दिवसाआड, अशी उतरवा. मधल्या काळात लागलंच तर जेवणानंतर अल्जिनेटचं, म्हणजे जठरातल्या आम्लावर तरंगता थर धरणारं, द्रव औषध घेता येतं. त्या दोन-तीन आठवड्यांत शिट्टी वाढल्यासारखी वाटली, तर आधी रात्री किती वेळा जाग आली ते मोजा, आणि तोवर ऑडिओमेट्री झालेली नसेल तर गोळीचा हिशेब बाजूला ठेवून ती करून या.